नदी नसलेला पूल

पारखी साडेदहाला यायचा होता, आणि भाऊ नऊलाच येऊन बसला.

"लवकर आलास," ताई म्हणाली.

"रस्ता मोकळा होता."

रविवारचा रस्ता मोकळाच असतो. पण अण्णा गेल्यापासूनच्या वर्षभरात भाऊ या घरी तीनदा आला होता, आणि तिन्ही वेळा उभ्या उभ्या. ताईने तसं बोलून दाखवलं नाही. तिने खुर्ची पुढे केली. भाऊची बायको मागून आली ती दोन पिशव्या घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरली. ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून बोलायची कमी आणि भांडी घासायची जास्त, म्हणून घरात सगळे तिला चांगली म्हणत आणि तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे.

अण्णांचे टपाल तिकिटांचे अल्बम ताईने आदल्या दिवशीच कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर मांडले होते. भाऊने बसल्या बसल्या बोटाने मोजले, मग पुन्हा मोजले.

"एकोणीसच?"

"एकोणीसच."

"पक्षी कुठे आहेत?"

हा प्रश्न येणार हे ताईला ठाऊक होतं. पक्ष्यांचे चार अल्बम म्हणजे अण्णांचा जीव. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून जे काही उरलं, ते त्यांनी त्या पक्ष्यांना घातलं होतं. अठरा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ते चारही अल्बम कपाटातून नाहीसे झाले. विचारलं तर अण्णा म्हणाले, "कंटाळा आला पक्ष्यांचा." घड्याळजी माणसाला कंटाळा येत नसतो, पण अण्णांपुढे कोण बोलणार?

"मला ठाऊक नाही," ताई म्हणाली.

"तू याच घरात राहत होतीस."

"राहत होते म्हणून सगळं ठाऊक असतं का?"

भाऊने चष्मा काढून पुसला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि अडचणीचं काही बोलायचं असलं की तो आधी काचा पुसत असे. "मी काही म्हणत नाही. पण पारखी विचारेल. लोक विचारतात."

"कोण लोक?" दारातून आवाज आला. धाकटी आली होती. केस कापायच्या दुकानात उभी राहून राहून तिची चाल थोडी फेंगडी झाली होती, पण आवाज अजून नऊ वर्षांच्या मुलीचा होता. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांचीच होती आणि तेव्हापासून ताईनेच तिच्या वेण्या घातल्या होत्या. "सकाळी सकाळी ताईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस का? तिने पक्षी विकून काय महाल बांधला? बघ ना हा पडदा, माझ्या दहावीच्या वेळचा आहे."

ताईला हसू आलं. धाकटी येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. गेल्याच आठवड्यात तिने ताईला सांगितलं होतं, तिच्या घराखालचा गाळा रिकामा होतोय. दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून सत्तावीस वर्षं झाली, आता एकदा स्वतःची खुर्ची असावी. अल्बम विकून जे येईल त्यात गाळा बसेल की नाही, एवढाच प्रश्न होता. ताईने मनातल्या मनात आपला वाटा तिला देऊनही टाकला होता.

पारखी बरोबर साडेदहाला आला. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस. आल्या आल्या त्याने हात धुवायला जागा विचारली, हात धुतले, कोरडे केले, पुन्हा धुतले. मग खिशातून भिंग आणि चिमटा काढून टेबलाशी बसला. चिमट्याने तिकीट उचलायचं, पाठ बघायची, उजेडाकडे धरायचं, परत ठेवायचं. मधूनच तो तिकिटाशीच बोले. "तुला कुणी ओलं केलं रे? वा, वा, दाते कसे शाबूत आहेत बघा." भाऊ आधी कौतुकाने आणि मग कंटाळून पाहत राहिला. बारा अल्बम होईस्तोवर कॉफीच्या दोन फेऱ्या झाल्या.

"चांगला संग्रह आहे," पारखी म्हणाला. "नीटनेटका. पण हे असले बऱ्याच घरांत असतात. खोटी आशा देत नाही."

धाकटीचा खांदा किंचित खाली आला. ताईला तो आपल्या खांद्यावर कळला.

शेवटचा अल्बम होता चुकांचा. छापताना बिघडलेली, तरीही टपालाच्या खिडकीवरून विकली गेलेली तिकिटं अण्णा त्यात ठेवत. बाकीचे अल्बम ते पाहुण्यांना दाखवत. हा मात्र फक्त स्वतःला. प्रत्येक तिकिटाखाली त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी असे: काय आहे, कुठून आलं, कसं मिळालं आणि शेवटी 'कारण'. पारखी खुश होऊन एकेक वाचू लागला.

"'राजाचं नाक निळं. कारण: कागद सरकला.' बरोबर. 'दोन तिकिटांमध्ये दाते नाहीत. कारण: दाते पाडणाऱ्याला जांभई आली असावी.' हा हा! तुमचे वडील रसिक होते हो."

भाऊही हसला. अण्णांचा विनोद घरात क्वचितच ऐकू येई, तो असा चिठ्ठ्यांमध्ये साठून राहिला होता तर.

मग पारखी थांबला. त्याने पान उलटलं नाही. चिमटा खाली ठेवला, भिंग उचललं आणि बराच वेळ तो काही बोललाच नाही. तिकिटाशीसुद्धा.

"काय झालं?" भाऊ म्हणाला.

"हे कुठून मिळालं तुम्हाला?"

ताई चष्मा सारखा करत उठून त्याच्या मागे गेली. मग तिचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला. करड्या रंगाचा दगडी पूल, पाच कमानी, वर दोन दिवे. पुलाखाली निळी नदी हवी होती. नदी नव्हती. कमानींखाली कोरा कागद होता.

एकोणतीस वर्षांनी ती ते पाहत होती. आणि ते या घरात, तिच्या झोपायच्या खोलीपासून पंधरा पावलांवर, अठरा वर्षं होतं.

पारखी सांगू लागला. करडा रंग आधी छापायचे, निळा नंतर. निळ्याच्या वेळी दोन ताव एकमेकांना चिकटून यंत्रात गेले. वरच्यावर नदी आली, खालचा कोरडा राहिला. पन्नास तिकिटांचा तो एकच ताव तपासणीतून सुटला आणि कुठल्याशा लहान गावात टपालाच्या खिडकीवर विकला गेला. लोकांनी पत्रांना चिकटवून टाकली बरीचशी. "आज आठ ठाऊक आहेत," तो म्हणाला. "जगात. हे नववं."

"चिठ्ठी काय म्हणते?" धाकटीने विचारलं.

पारखीने वाचलं. "'नदी नसलेला पूल. एका पोस्टमास्तरच्या विधवेकडून. पक्ष्यांचे चारही अल्बम देऊन.'"

भाऊने ताईकडे पाहिलं, मग नजर वळवली. सकाळी नऊ वाजता बोललेलं आता त्याला परत घेता येत नव्हतं.

"आणि कारण?" तो म्हणाला.

"गंमतच आहे. बाकी सगळीकडे कारण सविस्तर लिहिलंय. इथे फक्त एवढंच: 'कारण: मला ठाऊक आहे.'"

"छापखान्याचा अहवाल वाचला असेल पेपरात," भाऊ म्हणाला. मग एकदम त्याच्या लक्षात आलं. "ताई, हा तोच ताव ना? तुझ्यावर चौकशी बसली होती तो?"

ताईने मान हलवली.

पारखीने भिंग खाली ठेवलं. "बाई, तुम्ही तिथे होतात?"

"तिकिटांच्या छापखान्यात, तपासणीच्या खोलीत. नऊ वर्षं. त्यानंतर बांधणीत."

तपासणीच्या खोलीत बारा टेबलं होती. प्रत्येकीपुढे शंभर तावांचा गठ्ठा येई. अंगठ्याने ताव उलटायचा, डोळ्यांत तेल घालून पाहायचा, बिघडलेल्यावर लाल पेन्सिलीने फुली मारून बाजूला ठेवायचा. संध्याकाळी बिघडलेले ताव मोजून कापायच्या यंत्रात जात आणि त्यांचा भुसा होई. खोलीत बोलायला मनाई होती आणि बाहेर त्याबद्दल बोलायला तर त्याहून कडक मनाई. अण्णा रोज रात्री जेवताना विचारत, "आज काय सापडलं?" ताई रोज म्हणे, "काही नाही." अण्णा वरणभर चमचा फिरवत पुटपुटत, "सोन्याच्या खाणीत मुलगी कामाला, आणि बापाला खडासुद्धा दाखवत नाही." नियम म्हणजे नियम. अण्णांनीच शिकवला होता.

तो ताव सुटल्यावर गठ्ठ्यावरचा नंबर ताईचा निघाला. चौकशीत तिने सांगितलं, नजरचूक झाली. नोकरी वाचली, टेबल गेलं. पुढची चोवीस वर्षं ती तळघरातल्या खोलीत तपकिरी कागदात गठ्ठे बांधत होती, सुतळीने बोटं कापत.

"मग हे फार सोपं झालं," पारखी म्हणाला. तो आता तिकिटांशी बोलत होता त्या मऊ आवाजात तिच्याशी बोलू लागला. "एरवी मला काळजी वाटली असती. तपासणाऱ्या बाईच्याच घरात तिकीट निघालं, तर उद्या कुणीही म्हणेल की ते खिडकीतून आलं नाही, छापखान्याच्या मागच्या दाराने आलं. पण तुम्ही स्वतः लिहून दिलंत की ताव तुमच्या नजरचुकीने सुटला, रीतसर विकला गेला, आणि वडिलांनी ते पुढे अदलाबदलीत मिळवलं, तर चिठ्ठीला तुमची साक्ष जुळते. मग हे तिकीट कुठल्याही मोठ्या लिलावात ताठ मानेने उभं राहील."

"आणि किती..." धाकटीने विचारायला सुरुवात केली.

पारखीने किती ते सांगितलं. धाकटीने तोंडावर हात ठेवला. त्यात तिचा गाळा बसत होता, भाऊच्या दुकानाचा वरचा मजला बसत होता, आणि ताईला हवा असता तर नवा पडदाही.

पारखीने लगेच पिशवीतून कागद काढून चार ओळी लिहिल्या. सुवाच्य अक्षर होतं त्याचं. कागद ताईपुढे सरकवला, पेन वर ठेवलं. ताईने वाचलं. सगळं खरं होतं, दुसऱ्या ओळीतला एक शब्द सोडून.

"सही कर की ताई," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बघ, अण्णांनी तुझीच चूक सांभाळून ठेवली आपल्यासाठी."

ताईने पेन उचललं आणि परत ठेवलं.

"मला दिसला होता ताव," ती म्हणाली.

"काय?"

"नजरचूक झाली नव्हती. मला दिसला होता. पेन्सिल हातात होती. मी फुली मारली नाही. जाऊ दिला."

भाऊची बायको कपबशा उचलायला आली होती, ती ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"का?" भाऊने विचारलं.

ताईने उत्तर जुळवून पाहिलं. एकोणतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणून ते कधी जुळवायला लागलं नव्हतं. "सुंदर होता," ती म्हणाली. ते तिला स्वतःलाच अपुरं वाटलं. "रोज असं काहीतरी दिसायचं आणि संध्याकाळी त्याचा भुसा व्हायचा. वाटलं, एक जाऊ दे. कुणालातरी दिसू दे."

"अण्णांना मिळावा म्हणून?"

"नाही रे. अण्णांना कसा मिळणार होता? कुठल्या गावी गेला तेही मला कळलं नसतं."

पारखीने आपला कागद स्वतःकडे ओढला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुकान बंद करणाऱ्या माणसासारखी थोडी घाई होती. "बाई, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, आणि मी ऐकलं नाही. तपासणाऱ्याने जाणूनबुजून सोडला तर ती छपाईची चूक राहतच नाही. छापखाना हक्क सांगेल, चांगला लिलाववाला हात लावणार नाही. आता कागदावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जरा बाल्कनीत उभा राहतो." आणि तो खरोखरच बाल्कनीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "चौकशीत नजरचूकच म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते."

"वरिष्ठांसमोर. लिहून दिलं होतंस."

"हो."

"मग अजून एकदा म्हण. एक शब्द आहे."

चौकशीच्या वर्षी धाकटी एकोणीस वर्षांची होती, केस कापण्याचं शिक्षण घेत होती, आणि त्याचे हप्ते ताईच्या पगारातून जात होते. नोकरी गेली असती तर ते शिक्षण गेलं असतं. पण हे आता बोलायचं म्हणजे पोरीच्या तोंडावर उपकार फेकायचे. ते तिने तेव्हा गिळलं होतं, आताही गिळलं.

"मला एक सांगायचंय," भाऊ म्हणाला. तो पुन्हा चष्मा पुसत होता. "तुझ्या चष्म्याला कधीच नंबर नव्हता."

"माहीत आहे."

भाऊचा हात थांबला. "तुला माहीत होतं?"

"अरे, नऊ वर्षं केसाएवढा फरक ओळखायचं काम केलं मी. डोळ्यांपुढे साधी काच आहे एवढं मला कळणार नाही?"

"मग घातलास कशाला इतकी वर्षं?"

"अण्णांनी सांगितलं होतं. 'डोळे दाखवून घे' म्हणाले. त्यांना वाटलं माझी नजर गेली. मी म्हटलं, वाटू दे. मुलीने मुद्दाम केलं यापेक्षा मुलीची नजर गेली हे बरं." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल खड्डे पडले होते.

"तसं नव्हतं ताई," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मी तेव्हा एका चष्मेवाल्याकडे उमेदवारीवर होतो. तुझे डोळे मीच तपासले. माझ्यापेक्षा चांगले होते. त्याच संध्याकाळी मी अण्णांना तसं सांगितलं."

"अण्णांना?"

"हो. म्हटलं, हिला काही दिसत नाही असं मुळीच नाही. ते बराच वेळ एका घड्याळाचं झाकण उघडून नुसते बघत बसले. मग म्हणाले, साधी काच बसव. चौकशीला चष्मा घालून जाऊ दे तिला, म्हणजे नोकरीवरून काढणार नाहीत. आणि कुणाजवळ बोलू नकोस. मला वाटलं तुझं आणि त्यांचं ठरलंय. मला काय ठाऊक, या घरात कुणी कुणाशी..." त्याने वाक्य सोडून दिलं.

ताई खाली बसली.

अण्णांना ठाऊक होतं. चौकशीच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यानंतरची अठ्ठावीस वर्षं ते तिच्या समोर बसून जेवले. 'आज काय सापडलं' हे त्यांनी विचारणं बंद केलं, तेव्हा तिने मानलं होतं की तळघरात गठ्ठे बांधणाऱ्या मुलीला विचारण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी अकरा वर्षं तो पूल शोधला असणार, पत्रं लिहिली असणार, पक्षी देऊन टाकले. आणि आणल्यावर तिला बोलावून दाखवला नाही. ती पंधरा पावलांवर बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवत असेल आणि ते खोलीत भिंग लावून एकटे बघत असतील. दोघांनी एकच गोष्ट पाहिली, दोघांनी जपली, आणि एका शब्दाने कुणी कुणाला कळू दिली नाही. आई म्हणायची, या घरात भिंगं चार आणि कुणाला कुणाचं दिसत नाही. ती हसून म्हणायची.

"मी नजरचूक लिहिणार नाही," ताई म्हणाली.

"पण का?" धाकटी उठून उभी राहिली. "अण्णा गेले. तुझी नोकरी संपली. कुणाचं काय वाकडं होणार आहे?"

"त्यांनी लिहिलंय ना, मला ठाऊक आहे म्हणून. त्यांना ठाऊक होतं ते मी खोटं कसं पाडू? एवढंच एक आमच्या दोघांत होतं."

"आणि माझ्यात नि तुझ्यात?" धाकटीचा आवाज चिरकला. "मी काय मागतेय गं? सत्तावीस वर्षं लोकांचे केस झाडतेय मी."

"माझा वाटा तुला. बाकीच्या सगळ्या अल्बमचा. घरातलं दुसरं काही हवं ते."

"त्यात खुर्चीसुद्धा येणार नाही. ऐकलंस ना त्याचं?"

"धाकटे, बस जरा," भाऊ म्हणाला. "तिच्यावर जबरदस्ती करू नकोस."

धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. "सकाळी तू तिला चोर ठरवत होतास. मी तिच्या बाजूने भांडले. आता तू तिच्या बाजूला, आणि मी जबरदस्ती करणारी!" ती पर्स खांद्याला लावत ताईकडे वळली. "तू मला कधी कशालाच 'नाही' म्हणाली नाहीस. आज म्हणालीस तेही एका कागदाच्या तुकड्यासाठी. ठीक आहे."

"चिमणे, जेवून तरी जा."

पण ती गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज भराभर खाली उतरत गेला. लहानपणी ती अशीच रुसून जायची आणि पहिल्या वळणावर थांबायची, ताई हाक मारेपर्यंत. ताई दारापर्यंत गेली. आवाज वळणावर थांबला नाही. खालचा दरवाजा वाजला.

पुढचं सगळं शांतपणे पार पडलं. पारखी बाल्कनीतून आत आला, कुणी काही विचारलं नाही, त्यानेही विचारलं नाही. अठरा अल्बम तो घेऊन जाईल, महिनाभरात विकून देईल असं ठरलं. भाऊने आपला वाटाही धाकटीला द्यायचं कबूल केलं. बायकोकडे बघून केलं, आणि तिने मान डोलावली. चुकांचा अल्बम ताईकडे राहिला. निघताना पारखीने पुन्हा एकदा तो पूल पाहायला मागितला. पाहून झाल्यावर म्हणाला, "तुमचं बरोबर होतं हो," आणि ताव जाऊ दिल्याबद्दल म्हणाला की सही न केल्याबद्दल, ते काही त्याने सांगितलं नाही.

जेवायला कुणी बसलं नाही. भाऊ अल्बमांची खोकी गाडीत ठेवायला पारखीबरोबर खाली गेला. जाताना दाराशी घुटमळला. "पुढच्या रविवारी येतो," म्हणाला. ताई "ये" म्हणाली. दोघांनाही ते कितपत खरं आहे ते ठाऊक होतं, तरी म्हणायला बरं वाटलं. "धाकटीला मी समजावतो," तो म्हणाला, आणि ते मात्र अजिबात खरं नव्हतं.

स्वयंपाकघरात भावजय कपबशा विसळत होती. ताई शेजारी उभी राहून पुसू लागली.

"राहू द्या वन्सं, मी करते."

"दोघी करू."

नळ चालू होता. तीन कप झाले. मग नळ बंद न करताच, समोरच्या फरशीकडे बघत भावजय म्हणाली, "कसा दिसत होता हो?"

"काय?"

"तो ताव. सगळ्यांनी का ते विचारलं. कसा होता ते नाही विचारलं."

ताईने तिच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत या बाईचा चेहरा तिने इतक्या जवळून पाहिला नव्हता. भुवईत एक लहानशी पांढरी खूण होती, कधीतरी पडल्याची.

"सकाळची वेळ होती," ताई म्हणाली. कप तिच्या हातातच राहिला. "माझं टेबल खिडकीकडचं. बाहेर ऊन नव्हतं, ढगाळ होतं, तसा उजेड तपासणीला सगळ्यात चांगला. साठ-सत्तर ताव झाले असतील. निळं, निळं, निळं, डोळे निळे झालेले. आणि मग..."

खाली भोंगा वाजला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा, लांब.

"आले हो!" भावजय खिडकीतून ओरडली. तिने घाईघाईने हात पुसले, पिशव्या गोळा केल्या. "यांना थांबवत नाही बघा. पुढच्या वेळी सांगा वन्सं. नक्की सांगा, मला ऐकायचंय." तिने ताईचा दंड जरासा दाबला. तिचा हात अजून ओलाच होता. दार ओढलं गेलं, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

ताईने नळ बंद केला. ती कप पुसत राहिली, कोरडा झाल्यावरही.

"आणि मग तो आला," ती म्हणाली. घरात कुणी नव्हतं, पण वाक्य अर्धं ठेवणं तिला जमेना. "पन्नास पूल. एकाच्याही खाली पाणी नाही. नुसता पांढरा कागद, आणि वर दिवे तसेच. पहाटे धुकं असावं ना, तसं. मी बोट लावून पाहिलं, शाई लागते का. नाही लागली. मग मान वर केली. शेजारच्या टेबलावरची खाली मान घालून मोजत होती. पलीकडचीही. अकराही जणी. दाखवावं असं कुणी नव्हतं."

तिने कप फळीवर पालथा ठेवला.

"मग मी तो उलटला," ती म्हणाली, "आणि पुढचा पाहिला."